शिर्के काकांचा जड क्लच

जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, किस्से मात्र ढिगाने मिळतात! आमचा रविवारचा कंपूही अशाच गाडीपायी जमला. मी सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आलेला, मुकेशभियांचा सांवेर रोडवर लेथचा कारखाना, आणि गाडीचे मालक जुनी इंदूर मोहल्ल्यातले शिर्के काका. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तिच्यावर काका, काकू आणि मध्ये भाजीची पिशवी, ही सवारी सगळ्या गल्लीच्या ओळखीची.

*

गेल्या वर्षी गिअर टाकताना गाडी कर्रर्र ओरडू लागली. कृष्णपुऱ्याला एकदा असा आवाज झाला की पुढचा रिक्षावाला आपणहून बाजूला झाला. काका खूश! "देखा? हॉर्नची गरजच नी!" इंदुरात 'भैया'चं 'भिया' होतं आणि 'नहीं'चं 'नी'.

काकांच्या बेंगळुरूच्या मुलाला मात्र हसू आलं नाही. फोनवर म्हणाला, "क्लच सुधारला नाही तर दिवाळीत येऊन गाडी विकतो." त्या दिवशी काका जेवले नाहीत. गाडी गेली की हा माणूस घरात बसून खचेल, याची आम्हाला खरंच भीती वाटत होती.

*

या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत नुसत्या सळया, पिना आणि एक स्प्रिंग. मुकेशभिया खाली झोपले, काका पेडलवर.

"दबाओ काका!"

"दाबलं!"

"नी दबा!"

"अरे, बराबर दाबलंय ना भिया!"

मग मुकेशभियांनी मला बसवलं. मी दाबलं, सळई पूर्ण सरकली. सळया-पिनांचं सगळं लिंकेज ठणठणीत होतं! ऑपरेशन झालेला काकांचा डावा गुडघाच साथ देत नव्हता.

मुकेशभिया बाहेर आले, हात पुसले, माझ्याकडे एकदा बघितलं. "पिन घिस गई है काका. पेडल भारी हो गया."

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

*

मग दर रविवारी दुरुस्ती! बुश बदलले, स्प्रिंग बदलली. काढलेली पिन तर इतकी चांगली होती की मुकेशभियांनी तीच पॉलिश करून परत बसवली. काका पेडल दाबून बघायचे, कपाळावर घाम यायचा, आणि म्हणायचे, "पहिल्यापेक्षा बराच हलका!"

आम्हाला वाटायचं, आपण काकांची समजूत घालतोय. आता वाटतं, तेच आमची घालत होते.

*

दिवाळीत मुलगा आला. "बाबा, एक चक्कर मारून दाखवा." तो मागे बसायला निघाला तर पुढे बसलेल्या काकू म्हणाल्या, "तू इथेच थांब रे, मागे माझी पिशवी आहे."

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कर्रर्र नाही की झटका नाही! गल्लीला वळसा घालून परत आली. मुलगा थक्क. "वा मुकेशभिया, काय क्लच सुधारलात!" म्हणून तो पेढे आणायला आत पळाला.

मी दार उघडायला वाकलो. काकू सरकून थेट काकांना चिकटून बसलेल्या. उजव्या पायातली चप्पल काढलेली, आणि तो पाय अजून क्लचवर.

त्या खाली उतरल्या, चप्पल घातली, पदराने घाम पुसला.

"मुकेशभिया, पेडल खरंच जड आहे हो!"