तंबूत बसलेला वीर

अमेरिकेतलं, बॉथेलचं घर विकायला काढलंय, म्हणून आज गॅरेज आवरत होतो. दमट पुठ्ठ्याचा वास आला आणि लेकीचं शाळेतलं पोस्टर हाती लागलं. ग्रीक महाकाव्यातला वीर.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. इथेच फरशीवर बसून ती रंगवत होती आणि मी शेजारी खुर्चीत धुमसत होतो, कारण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेत तबल्याला माझं नाव छापायचं राहिलं होतं.

"बाबा, किंगने इन्सल्ट केलं म्हणून हा फाइटच करत नाही. टेंटमध्ये बसून राहतो. व्हाय?"

"माज, दुसरं काय! तिकडे मित्र मरतायत आणि साहेब रुसून बसलेत."

तेवढ्यात बायकोने आतून विचारलं, "अहो, मंडळातून फोन आहे. प्रॅक्टिसला येताय ना?"

मी हातानेच नाही म्हटलं. लेक माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मी तबला काढलाच नाही. माझ्यावाचून मंडळाचं काही अडलंही नाही, याचीच चीड मला इतकी वर्षं पुरली.

आज पोस्टर उजेडात नीट धरलं. वीराच्या कपाळावर आठ्या आहेत, भाला कोपऱ्यात पडलाय, आणि तंबूला तिने आमच्या गॅरेजचं दार काढलंय.