चौथ्या कोपऱ्यातली फट

लेखनाची सवय नसताना हे धाडस करतो आहे, क्षमा असावी. आज अमरावतीत सागाच्या भुशाचा वास आला आणि माझ्या जुन्या शहरातल्या जठारपेठेतले रहीमचाचांचे फ्रेमचे दुकान आठवले. त्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा वडिलांची तेरवी उद्यावर होती. त्यांच्याच टेबलाच्या लाकडातून त्यांच्या फोटोची चौकट मला स्वतः करायची होती आणि पट्ट्या चारच होत्या.

सात टोके पंचेचाळीस अंशांत कापली. आठव्यावर करवत टेकवली आणि पुन्हा उचलली.

“सर, पोरं तुमाले भेतात अन् तुमी लाकडाले काहून भेऊन राहिले?” चाचा म्हणाले.

शेवटी कापले, पण पट्ट्या जोडल्यावर चौथ्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली.

“भुसा अन् गोंद भरतो, कोणाले दिसनार नाही.”

वडिलांनी मला चूक कधी झाकू दिली नव्हती, म्हणून मी नको म्हणालो. आज मात्र फोटोकडे पाहताना त्यांच्याआधी ती फटच दिसते. तुम्ही ती भरू दिली असती का?