शाफ्टच्या तोंडावरची पिंक

लोटू पाटलांना लेथवर घाण खपत नसे. गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या एका शेडमध्ये कापड रंगवण्याच्या यंत्रांचे रोलर दुरुस्त होत. शाफ्टचे गोल तोंड रॉकेलने पुसून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवल्याखेरीज लोटूभाऊ कॅलिपरला हात लावत नसत. पोलादावर तांबूस थर चढला, की चारी बाजूंच्या काठांवरून कॅलिपरने चार कमानी ओढायच्या, मध्ये उरलेल्या इवल्या चौकटीत, म्हणजे शाफ्टच्या नेमक्या मध्यावर, पंचाचा ठोका द्यायचा आणि तो तपासूनच ड्रिल लावायचे.

गुडघे साथ देईनात, तेव्हा त्यांनी गावी, पारोळ्याला परतायचे ठरवले. लेथ कोणाच्या हाती द्यायचा, हे शेडच्या मालकांनी, शेठांनी, त्यांच्याच शब्दावर सोडले होते. मुलीने, वर्षाने, नवऱ्यासाठी गळ घातली. कुंदन याच शेडमध्ये मदतनीस होता. लेथ न मिळाल्यास हजीऱ्याला ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणे त्याच्या नशिबी होते.

लोटूभाऊंनी पारखायला त्याला एक शाफ्ट दिला. कुंदनने मोरचुदाची बाटली शोधलीसुद्धा नाही. तोंडातला गुटखा घोळवून त्याने शाफ्टवर पिंक टाकली आणि अंगठ्याने सारवली. रेघ लाल रंगावरही उमटतेच, असे त्याचे म्हणणे.  जावयाला बोलण्याची लोटूभाऊंच्या घरात रीत नव्हती. त्यांनी मान फिरवली.

सुपारीच्या कणांवरून कॅलिपरचे टोक घसरले, चौकट एका अंगाला गेली. कुंदनने तिथेच ठोका दिला आणि न तपासता भोकही पाडले. शाफ्ट लेथवर डगमगत फिरू लागला, तेव्हा हत्याराने एक बाजू सोलून निघाली आणि दुसरी काळीच राहिली.

कुंदन हसला. "मामा, वेल्डिंग भरी देऊ, वरथून घासी देऊ. कोन्ले दिसस?"

तेवढ्यात शेठ आले. मग लेथ जमाईलाच देऊन टाकू ना, असे त्यांनी गुजरातीत विचारले.

"घरी ते जावई आहेत, शेठ. पाटावर बसवून त्यांचे पाय धुईन," लोटूभाऊ म्हणाले. "पण जिथं काम करायचं तिथंच जो थुंकतो, त्याला लेथ देऊ नका."

कुंदन बाहेर पडला. लोटूभाऊ रॉकेलचा बोळा घेऊन बसले. शाफ्टचे तोंड स्वच्छ झाले, पण भोकातला लाल चिखल तारेने टोकरावा लागला.

दुपारी त्यांनी वर्षाने भरून दिलेला डबा उघडला. भाजीवर तेलाचा लाल तवंग होता. त्यांनी झाकण पुन्हा लावले.