कालुंदरवाले आप्पा

मोटारीवरून घरी आले की आप्पा आधी काचेच्या पेटीत बोट बुडवत. आतला मासा धावून येऊन बोटाला चावला, की खूश होऊन म्हणत, "आज रागात हाय गडी!" मग पायांवर पाणी घ्यायला जात.

आप्पा आमचे भोरचे शेजारी. वरंध घाटातून महाडला सर्व्हिस मोटार चालवत. तिकडच्या खाडीतले कालुंदर, म्हणजे चपटे, ठिपकेदार आणि महाभांडखोर मासे, त्यांनी घासलेटच्या डब्यातून आणले होते. मोटारीच्या जुन्या काचा लोखंडी चौकटीत बसवून त्यांना घर केलं होतं. नवा मासा आत सोडला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. "मार बसायचाच," आप्पा म्हणत. "दम धरला की रुळतो." फारच घायाळ झाला तर मात्र त्याला हलक्या हाताने काढून घंगाळात ठेवत.

एका उन्हाळ्यात एका जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. आप्पांनी मोटारीवर बदली माणूस दिला आणि पेटीपुढे ठाण मांडलं. त्याच दिवसांत त्यांची एकुलती लेक, माझी मैत्रीण कुसुम, नसरापूरच्या सासरहून पायी चालत आली. पोटुशी होती. दंडावर उलथन्याचे डाग होते.

"आप्पा, मला ठिवून घ्या. मारून टाकतील ती मान्सं."

आप्पांची नजर अंड्यांवर. "नव्याचं तसंच असतंय पोरी. दम धर. रुळशील."

काकू दारातून म्हणाल्या, "माशाला घंगाळ मिळतं, आन माझ्या लेकीला पडवी न्हाई?"

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. अंडी राखणारी जोडी आवाजाने बिथरते म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला ओळखीच्या मोटारीत बसवून दिलं. पोचवायला गेले नाहीत. पिल्लं सुटली तेव्हा आळीत पेढे वाटले. पेढा माझ्या हातातच होता, तेवढ्यात नसरापूरहून निरोप आला. कुसुमचं मूल पोटातच गेलं होतं. काकू तशाच अनवाणी निघाल्या. आप्पा म्हणाले, "पिल्लास्नी सोडून म्या कसा येऊ?"

पुढे काही वर्षांनी आप्पा अंथरुणाला खिळले. निरोप धाडल्यावर कुसुम आली, पण उंबऱ्याशीच उभी राहिली.

"ऱ्हा चार दिस," आप्पा म्हणाले.

"न्हाई जमायचं. म्हस व्यायला झालीय."

एवढंच बोलून ती आईच्या गळ्यात पडली आणि आल्या पावली परत फिरली.

आप्पांनी उशीवर मान टेकली. समाधानाने हसले. "बगितलंस? रुळली का न्हाई पोर?"

काकू उठून आत गेल्या. आप्पा जाईपर्यंत त्या त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.