पाण्यावर दाखवलेली जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही. तिला वाटतं, तो जुना नकाशा वाळवीने खाल्ला. खाल्ला कसला? मीच तो पेटीच्या तळाशी कोंबलाय.

मी तापीकाठचा, पण मास्तरकी सगळी धडगावकडच्या डोंगरात झाली. खांडबाऱ्याच्या भंगारवाल्याकडे मला धरणाआधीचा नकाशा मिळाला. तपकिरी रेषांचे डोंगर, निळी नर्मदा, काठाला गावांचे काळे ठिपके. ती गावं आता जलाशयात आहेत. लोक नकाशा बघायला जमायचे आणि मी ऐटीत बोट फिरवत बोलायचो. त्या रेषा मला धड वाचता येत नव्हत्या – पण हे कोण कबूल करणार? निदान मी तरी नाही.

मग खेमाबाबा आला. गाव बुडाल्यावर तो खाली पुनर्वसन वसाहतीत गेला होता, आता डोळेही गेलेले. त्याची लहानगी लेक बुडालेल्या गावात, मोहाच्या झाडाखाली पुरलेली. बाजारात शिकलेल्या अहिराणीत त्याने विचारलं, “गुर्जी, मन्ही पोर कोठे शे?”

‘माहीत नाही’ म्हणायला काय जात होतं माझं? मी त्याला होडीत घालून नेलं, नकाशा उघडला आणि एका जागी छातीठोकपणे म्हणालो, इथे. म्हाताऱ्याने पाण्यात मोहाच्या दारूची धार सोडली, लेकीला हाक मारली आणि ढसाढसा रडला. मग दरवर्षी येत राहिला.

एका सुट्टीत मी नकाशावरचे नाले नीट जुळवून पाहिले. मी डोंगरच चुकलो होतो. पोरीची जागा जलाशयाच्या पलीकडच्या फाट्यात होती. तेव्हा म्हातारा जिवंत होता. सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? गुर्जी चुकले असं कुणी म्हणू नये – बस, एवढ्यासाठी. लाज वाटते लिहिताना.

म्हातारा गेला. त्याचा मुलगा रायसिंग राखेचं मडकं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. “बाबाले बहीनजोडे सोडनं शे, गुर्जी. जागा दखाडा.” बापाची राख त्याला बहिणीजवळच सोडायची होती.

पहिल्यांदा मी अडाणी होतो, असं म्हणता येईल. पण या वेळी? या वेळी मला खरी जागा ठाऊक होती. होडी डोंगराला वळसा घालून सहज गेली असती. तरी मी पुन्हा तिथेच बोट दाखवलं.

रायसिंगने मडकं रिकामं केलं. राख थोडा वेळ पाण्यावर राहिली, मग विरून गेली. तो माझ्या पाया पडला.

“आते बाबा पोचना ना तिनाजोडे?”

“हां,” मी म्हणालो.