गेट पाहून आलेले सर

"मी गेट पाहून आलोय."

एवढं बोलून ते खुर्चीत बसायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायचे. तोवर स्टाफरूममध्ये शेअर बाजारावर तावातावाने बोलणारा जो कोणी असेल तो आपोआप गप्प झालेला असायचा. आम्ही मोबाईलवर हिरवे-लाल आकडे बघणारे, आणि हे गृहस्थ थेट कंपनीच्या दारात जाऊन आलेले. त्यांच्यापुढे काय बोलणार?

नेवासा तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तसंही गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. भूगोलाचे सर म्हटलं की पुरे.

शेअरवाला एखादा तुमच्याही ओळखीचा असेल. फायदा झाला की ती त्याची हुशारी असते, तोटा झाला की सरकारचं चुकतं. आमचे सर या तऱ्हेचे नव्हते. ते मुळात शेअर घ्यायचे थोडेसेच, पण घ्यायच्या आधी त्या कंपनीचा कारखाना बघून यायचे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की एसटीचा 'आवडेल तिथे प्रवास'चा पास काढायचे. पिशवीत दोन शर्ट, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक. मुक्कामाला धर्मशाळा नाहीतर एखाद्या देवस्थानाचं भक्तनिवास. त्यांच्या मिसेस म्हणायच्या, "लोक सुट्टीत देवाच्या दर्शनाला जातात, आमचे हे कारखान्याच्या. देवाच्या दारात फक्त झोपायला."

कारखान्यासमोर एक चहाची टपरी असतेच. सर तिथल्या बाकड्यावर बसायचे. पाळी सुटताना कामगार हसत बाहेर पडतात की मान खाली घालून, गाड्या किती लागल्यात, पगार वेळेवर होतो का, हे सगळं चहावाल्याशी गप्पा मारत काढून घ्यायचे. एकदा वॉचमनने हटकलं, तर म्हणाले, "मी या कंपनीचा अगदी थोडासा मालक व्हायचं म्हणतोय." त्याने हाकलून दिलं. सर खूष होऊन परत आले. "राखण चांगली आहे," म्हणाले, आणि शेअर घेतले.

पुस्तकं मात्र उदारपणे द्यायचे. गुंतवणुकीची, प्रवासाची, कसलीही. अट एकच, ती एसटीत वाचायची. घरी वाचताना माणूस कुकरची शिट्टी झाली की उठतो, गाडीत उठून जाणार कुठे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचं एक जाडजूड पुस्तक नेवासा-नगर येण्याजाण्यात संपवलं आहे. त्यातलं किती कळलं ते विचारू नका.

सरांना निवृत्तीनंतर पेन्शन मिळणार होती. आम्हा नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही, त्यामुळे म्हातारपणाचं काय या एका काळजीने आम्ही बाजाराकडे वळलेले. त्यांना भूक नव्हती, कुतूहल होतं. मुलांना नकाशात जे ठिपके दाखवायचे ते स्वतः बघून यायची हौस. "काय घेऊ?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मी सांगत नसतो. मी फक्त पाहून येतो."

त्यांच्याकडे शाळेतलं आणखी एक काम होतं. मुलांना दुपारची खिचडी वाढायच्या आधी एका शिक्षकाने ती चाखायची असते. बहुतेक शाळांत हे काम एका घासात उरकतं. सर मात्र हात धुऊन स्वयंपाकाच्या खोलीपाशी जायचे. अलकाताई, आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या बाई, स्टीलची वाटी पुढे करून म्हणायच्या, "सर, चव." सर डोळे मिटून घास चावायचे. मग निकाल लागायचा. डाळ कच्ची आहे. हळद जास्त झाली. आज उत्तम. अलकाताई कधी रागवायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "मीठ कमी असलं तर सर तोंडावर सांगत्यात. बाकीचे चांगलं म्हनत्यात आन् ताटात टाकून जात्यात."

एका जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सर फारच खुशीत होते. पाण्याच्या मोटारी बनवणारी कुठलीशी लहान कंपनी ते मे महिन्यात पाहून आले होते. गेटाबाहेर गाड्यांची रांग, रस्त्याच्या वळणापर्यंत. चहावाला म्हणाला होता, गाड्यांना उसंत नाही. त्या दिवशी खिचडी चाखता चाखता सर अलकाताईंना हे सगळं सांगत बसले. "या डोळ्यांनी पाहिलंय, ताई. अशी रांग मी दुसरीकडे पाहिली नाही."

घ्या असं ते म्हणाले नव्हते. पण तसं म्हणायची गरजच नव्हती. खिचडीबद्दल खोटं न बोलणारा माणूस मोटारींबद्दल कशाला बोलेल? अलकाताईंची मुलगी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होती, तिच्या मोबाईलवर शेअरचं खातं होतं. पत्र्याच्या घरावर स्लॅब टाकायला साठवलेले पैसे त्यांनी मुलीला सांगून त्या कंपनीत घातले. आम्हीही दोघातिघांनी घातले, पण आमच्या डोक्यावर स्लॅब होता.

पावसाळा सरेपर्यंत तो शेअर असा घसरला की विकायला काढला तर घेणारा मिळेना. सर दिवाळीच्या सुट्टीत पास काढून पुन्हा त्याच गेटावर गेले. गेट बंद होतं, टपरी चालू होती. चहावाल्याने त्यांना ओळखलं. तो जे म्हणाला ते सरांनी परत आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

"सर, तो समदा परत आल्याला माल हुता. मोटारी जळत हुत्या, दुकानदार माघारी पाठवत हुते. तुमी इचारलं गाड्या किती येत्यात. कशाला येत्यात ते कुटं इचारलं?"

रांगेतल्या गाड्या भरून आत जात होत्या आणि रिकाम्या बाहेर पडत होत्या. आयुष्यभर मुलांना आयात आणि निर्यात शिकवणाऱ्या माणसाने दोन्हींत गल्लत केली होती. "बाकड्यावर बसलो होतो, मॅडम," ते म्हणाले, "नुसतं उठून चार पावलं गेलो असतो तर दिसलं असतं." लाजेने माणसाचा आवाज इतका लहान होतो हे मी तेव्हा पाहिलं.

ते अलकाताईंकडे नुकसान भरून द्यायला गेले. अलकाताईंनी घेतलं नाही. "तुमी भरून दिलं तर मग ते तुमचं नुकसान झालं," त्या म्हणाल्या. "माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. लेकीला मीच सांगितलं हुतं." रागाने म्हणाल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. त्या साधेपणाने म्हणाल्या, आणि सरांना ते झेपलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, चव बघण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या. कारण दिलं नाही. वर्गात जायचा जवळचा रस्ता स्वयंपाकाच्या खोलीवरून होता, तर ते मैदानाला वळसा घालून जाऊ लागले. पाऊस जोराचा आला आणि वर्गावरच्या पत्र्याचा आवाज सुरू झाला, की शिकवता शिकवता थांबायचे. स्टाफरूममध्ये एखादा खवचटपणे विचारायचा, "सर, यंदा कुठलं गेट?" सर हसायचे. ते हसू बघवत नसे. मी वह्या तपासत असल्यासारखी मान खाली घालायची.

चव बघण्याचं काम माझ्याकडे आलं. वाटी पुढे यायची, "मॅडम, चव." मी घास खायची आणि म्हणायची, "छान." काय म्हणणार? त्या बाईचं घर आठवायचं आणि डाळ कच्ची आहे हे तोंडातून निघायचं नाही. वाटी परत घेताना अलकाताई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायच्या. मला वाटायचं, कौतुकाने बघतात.

सर निवृत्त झाले त्या दिवशी व्हरांड्यात छोटासा कार्यक्रम होता. शाल, नारळ, मुलांची भाषणं. सरांना बोलायला सांगितलं. ते उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "मी मुलांना जग दाखवलं असं तुम्ही म्हणालात. पण मला स्वतःला नीट दिसलं नाही, आणि त्याची झळ दुसऱ्याला बसली. एवढंच मला सांगायचंय." आणि खाली बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं की वाजवायच्या असतात.

टाळ्या थांबल्या तेव्हा अलकाताई वाटी घेऊन आल्या. आधी माझ्यापुढे धरली. "मॅडम, चव." मी घास घेतला. खारट, जीभ आखडावी इतकी खारट. समोर सगळे बसलेले, सरांचा निरोप. मी गिळलं आणि म्हणाले, "छान."

त्यांनी तीच वाटी उचलली, चमचा बदलला आणि सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, चव."

सर वर बघेनात. वाटी समोर तशीच. शेवटी त्यांनी चमचा घेतला, डोळे मिटले, चावलं. कपाळाला आठी पडली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अलकाताईंकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मीठ फार झालंय. मुलांना देऊ नका."

"पातेल्यात बरोबर हाय," अलकाताई म्हणाल्या. "ह्या वाटीतच टाकलंय, मुद्दाम." आणि मग जरा थांबून, "तुमी चुकला सर. खोटं न्हाई बोलला. मला तेवढं बघायचं हुतं."

सरांनी शालीनेच डोळे पुसले. आणि मी, तोंडात ते मीठ घेऊन, कुणाकडे बघावं ते न कळून पायांकडे बघत बसले.

सर आता त्यांच्या गावी, राजूरकडे राहतात. पास काढून अजून फिरतात म्हणे. अलकाताईंच्या घरावर अजून पत्राच आहे. वाटी अजून माझ्याकडे येते. त्या कार्यक्रमानंतर शाळेच्या पहिल्या दिवशी मी घास खाल्ला, बराच वेळ चावला, आणि धीर करून म्हणाले, "डाळ कच्ची आहे, ताई."

अलकाताईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, जाळ वाढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळपासनं वाट बघत हुते, कुनी म्हनतंय का."