उलटे कागद

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सुधालाही नाही – आणि माझ्या बायकोला तरी ती सांगायला हवी होती, कारण निम्मी गोष्ट तिची आहे. बातमीत मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत यायला हवा, हे नागपूरच्या दैनिकात नोकरी करताना हाताला लागलेलं वळण. इथे ते जमत नाही. तेव्हा आधी टेंभुर्णेकाकांबद्दल सांगतो. तुम्हाला ते भेटायला हवे होते.

भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या हिशेब-कचेरीत काकांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते बालाघाटात राहायला आले आणि छोट्या धंदेवाल्यांचे आयकराचे कागद करून देऊ लागले. साठचं दशक संपत आलं होतं. मी नागपूर सोडून वडिलांचा छापखाना सांभाळायला परतलो होतो. लग्नपत्रिका, राइस मिलची पावतीपुस्तकं, सिनेमाची हँडबिलं – आणि जोडीला जुन्या दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या.

मार्च लागला की काकांचा निरोप यायचा, कागद लावायला घ्या. कागद लावायची त्यांची रीत ठरलेली होती. रोखीच्या खरेदीच्या पावत्या पांढऱ्या दोऱ्यात. उधारीच्या खरेदीची बिलं लाल दोऱ्यात. एखाद्या उधारीचे पैसे पुढे चुकते केले, तर त्याची पावती पांढऱ्या पुडक्यात जायची नाही. ती लाल पुडक्यात, त्याच बिलाच्या खाली, आणि उलटी ठेवायची – कोरी बाजू वर. कोरा कागद आला की काका तो मोजत नसत. एकच खर्च दोनदा लागायला नको, म्हणून.

बाजारात लोक हसायचे. समोरचा किराणावाला म्हणायचा, काकांकडे कागद नेण्यापेक्षा मुलीचं लग्न सोपं. काकाही हसायचे, पण रीत सोडायचे नाहीत.

या हट्टाचं कारण सुधाच्या लक्षात आलं. काका सायकल हातात धरून चालत येत – कधी बसून येत नसत. गुडघे दुखतात, म्हणायचे. एकदा तिने चहा नेहमीच्या जागी न ठेवता जरा डावीकडे ठेवला. काकांचा हात बशी शोधत टेबलावर फिरला. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "काकांना दिसत नाही हो."

मग मीही पाहू लागलो. ते भिंग लावायचे ते फक्त रकमेवर. नाव, गाव, तारीख – काही वाचत नसत. पुडकं कसलं आहे ते दोऱ्याच्या रंगावरून कळे, आणि कोरा कागद पांढरा म्हणून कळे. बाकी सगळा भरवसा कागद लावणाऱ्यावर. आम्ही त्यांना काही विचारलं नाही. त्या वर्षापासून सुधा जाड दोरा आणू लागली, एवढंच. कागद तीच लावायची. उलट्या पावत्यांच्या कडा इतक्या नीट जुळवायची, की काका पुडक्यावर हात फिरवून म्हणायचे, "सूनबाईचं काम आहे हे. अखबारवाल्याचं नाही."

आता त्या वर्षाकडे येतो – आलंच पाहिजे.

सुधा बाळंतपणाला वारासिवनीला माहेरी गेली होती. कागद मी लावले. लावले कसले – जमेल तसे बांधले. बिलं लाल दोऱ्यात गेली, आणि पैसे दिल्याच्या म्हणून जेवढ्या पावत्या सापडल्या, तेवढ्या सगळ्या पांढऱ्यात. उधारीचा प्रत्येक खर्च आता दोन ठिकाणी होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोरा आवळताना मला माहीत होतं. मुलगी झाल्याचा निरोप आला होता आणि मला वारासिवनीची बस धरायची होती.

काका छापखान्यात बसूनच कागद चाळायला लागले. लाल पुडकं संपलं तसा त्यांचा हात थांबला.

"औंदा उलटा कागद एकबी नाही. काहून?"

विचार करा – माणसाला दिसत नव्हतं, तरी चूक बरोबर त्याच्या हाताला लागली होती. मी फक्त म्हणायचं होतं, काका, राहून गेलं, पुन्हा बांधतो. तासाभराचं काम. बस गेली असती, दुसरी मिळाली असती. मी म्हणालो, "औंदा उधारी फेडलीच नाही, काका. सगळी बाकी आहे."

त्यांना माझी काळजी वाटली. "एवढी बाकी ठेवू नका, बाबू. व्यापारी छपाईचा कागद देनं बंद करीन," म्हणाले. मग पुडकी पिशवीत घातली. "जा आता. पोरीले पाहून या."

आयकर कचेरीची नोटीस पुढच्या हिवाळ्यात आली. नफा एकदम निम्म्यावर कसा आला, हिशेब घेऊन हजर व्हा. काका सोबत आले. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने दोन्ही पुडकी शेजारी-शेजारी ठेवली, बिलं आणि पावत्या जुळवल्या, आणि विचारलं – हिंदीत, शांतपणे – की हे एकच नाव, हीच रक्कम दोन्हीकडे आहे, हिशेब करणाऱ्याला दिसलं कसं नाही?

मी तोंड उघडलं होतं. हे मला स्पष्ट आठवतं. पण मी काय सांगणार होतो? काकांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं होतं – हे सांगितलं, की ती चूक उरत नव्हती, लबाडी ठरत होती. दंड झाला असता. आणि जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या माणसाचीच बातमी झाली असती. मी हा हिशेब करत होतो, तेवढ्यात काका उभे राहिले.

"साहब, गलती मेरी है," ते म्हणाले. "मुझे ठीक से दिखता नहीं. ये बात मैंने सबसे छुपाई. इस लड़के का कोई दोष नहीं."

साहेबाने त्यांना बसायला सांगितलं. कर वाढवून लावला, दंड केला नाही. मी उघडलेलं तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर काकांनी सायकल हातात घेतली. त्यांना वाटत होतं, मी त्यांच्यावर ओरडेन. मग म्हणाले, "तुमचं नुसकान केलं मी. सूनबाईले सांगा, म्हातारा चुकला." त्या वर्षीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आणि मार्चच्या आत ते घरोघर, दुकानोदुकानी जाऊन सगळ्यांचे कागद परत देऊन आले. कारण विचारलं की सांगायचे, डोळे गेले. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट ते आता प्रत्येक उंबऱ्यावर सांगत होते. किराणावाला त्यानंतर त्यांच्यावर विनोद करेनासा झाला. ते मला जास्त लागलं.

सुधाने विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, त्यांना दिसत नाही, तुला माहीत आहे ना. ती रडली. त्यांच्यासाठी.

दोन-तीन वर्षांनी गावात डोळ्यांचं शिबिर आलं. काकांचा मोतीबिंदू काढला. जाड चष्मा लावून काका छापखान्यात आले – सायकलवर बसून. आमच्या मुलीला त्यांनी जवळून न्याहाळलं आणि म्हणाले, ही तर सूनबाईवर गेली, वाचली. मी त्यांना आमचे कागद पुन्हा करायला सांगितलं. ते नको म्हणाले. मग लाजल्यासारखं:

"त्या साली मी तुमाले विचारलं होतं, उलटे कागद काहून नाहीत. विचारलं होतं ना? का मले तसं वाटते नुसतं? ते पुडकं दाखवा एकखेप. आता दिसते मले. कुठं चुकलो ते पाहून घेतो."

पुडकं त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होतं. लाल दोरा खाली लोंबत होता.

मी म्हणालो, "ते वाळवीनं खाल्लं, काका." पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही.

ते हसले. "चला," म्हणाले, "वाळवीचं तरी पोट भरलं माह्या चुकीनं." चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली.

त्यांनी विचारलं होतं. फळीला वाळवी कधी लागली नव्हती. आणि चूक त्यांची नव्हती.